लोखंडी गज आणि धामणीची दांडी

धुळ्याच्या गल्लीत हस्तीमल शेठचं कापडाचं दुकान होतं. त्यांचा एकुलता मुलगा चंपालाल चौतिसाव्या वर्षी गोल्फच्या नादाला लागला. शेठना याचं कधी हसू यायचं, तर कधी राग. गल्लीतले लोक दुकानाच्या पायरीवर टेकून विचारायचे, "काय शेठ, आज चंपालाल गाईंच्या मागे गेला की चेंडूच्या?" शेठ हातातलं कापड फाडायचे, तेवढाच आवाज व्हायचा.

सुरुवात झाली ती १९६४ साली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांच्या घरी चादरींचं कापड पोचवायला चंपालाल गेला, तेव्हा साहेब लळिंगच्या वाटेवरच्या माळाकडे निघाले होते. गोऱ्या साहेबांच्या काळात तिथं सहा खड्ड्यांचं गोल्फचं मैदान केलेलं होतं. आता त्यावर गुरं चरायची. खेळणारे दोनच, एक डॉक्टर आणि एक बांधकाम खात्याचे इंजिनियर. इंजिनियर त्या दिवशी आले नव्हते, म्हणून साहेबांनी चंपालाललाच गाठोड्यासकट सोबत नेलं. डॉक्टरांनी सहज काठी चंपालालच्या हातात दिली. तीन फटके हवेत गेले. चौथ्याला चेंडू असा सुटला की चंपालाल कापडाचं गाठोडं तिथंच विसरून घरी आला.

दोन वर्षांनी डॉक्टरांची बदली नाशिकला झाली. जाताना त्यांनी त्याला दोन जुन्या काठ्या आणि तीन चेंडू दिले. चंपालालचं भांडवल एवढंच. चेंडूचा रंग उडाला की तो दुकानाची पाटी रंगवताना उरलेला पांढरा रंग त्याला द्यायचा. पँट कटपिसाची. कॅनव्हासच्या बुटाला मोच्याकडून खिळे मारून घेतलेले.

आणि त्याला ठाकऱ्या होता. लळिंगच्या बाजूचा हा भिल्ल तरुणपणी साहेब लोकांच्या काठ्या वाहायचा. साहेब गेले, पगार गेला, तरी ठाकऱ्याने मैदान सोडलं नाही. तिथं हिरवळ अशी नव्हतीच. खड्ड्याभोवती वाळूचं गोल अंगण, आणि वाळू उडू नये म्हणून तिला एसटी डेपोतलं जळकं ऑईल पाजलेलं. त्यावर पावलं उमटायची, गुरांचे खूर उमटायचे. म्हणून रिवाज असा, की शेवटचा हलका फटका मारण्याआधी चेंडूपासून खड्ड्यापर्यंत गोणपाट ओढून वाट सारखी करायची. ठाकऱ्याच्या खांद्यावर गोणपाट कायम असायचं. चंपालाल ते ओढून घ्यायचा, वाट पुसायचा, मग मारायचा. जेवणाआधी हात धुवावेत तसं ते अंगवळणी पडलं होतं.

एक काठी मात्र कमी होती. वाळूवर चेंडू ढकलायची, जिला पटर म्हणतात ती. नवी घ्यायची ऐपत नव्हती. दुकानाच्या माळ्यावर आजोबांचा कापड मोजायचा लोखंडी गज पडून होता. मीटर आले तसे गज अडगळीत गेले होते. चंपालालने तो गुपचूप लोहाराकडे नेला आणि त्याच्या टोकाचा तुकडा तापवून घडवून घेतला. दांडी ठाकऱ्याने आणली, धामणीच्या लाकडाची. आठ दिवस ती सावलीत वाळवली, काचेने तासली.

"हाई धनुष्यनं लाकूड शे," तो म्हणाला. "वाकस, पन मोडत नही."

पुढे हस्तीमल शेठनी दोनदा गजाची चौकशी केली. चंपालालने दोन्ही वेळा दुसरीकडे पाहिलं.

१९६८च्या जानेवारीत डॉक्टरांचं पत्र आलं. नाशिकजवळच्या छावणीच्या मैदानावर हौशी खेळाडूंची स्पर्धा होती, त्यात नवख्यांचा गट होता. नाव घातलंय, ये. चंपालालने पत्र वडिलांपुढे ठेवलं. शेठनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "जा. एकदाच. तिथल्या माणसांनी तुला खेळाडू मानलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाहीतर त्या काठ्या शेतावर पाठवू. तूर झोडायला होतील."

"बरं, बाबूजी," चंपालाल म्हणाला. 

एसटीत चंपालालच्या पिशवीत खाकरे, ठाकऱ्याच्या फडक्यात भाकरी आणि ठेचा. दोघांच्या मध्ये काठ्यांचं पोतं. मालेगावला कंडक्टरने विचारलं, यात काय, कुदळी का? ठाकऱ्याने मान डोलावली.

छावणीचं मैदान पाहून दोघंही कडेलाच थांबले. खड्ड्याभोवती खरी हिरवळ होती, गालिचासारखी, आणि त्यावर दव. चंपालालने बूट काढून पाऊल ठेवून पाहिलं. इतर खेळाडूंच्या चामडी पिशव्यांतून चौदा चौदा काठ्या डोकावत होत्या. त्याच्या पोत्यात तीन.

त्याची जोडी एका मेजरबरोबर लागली. एकमेकांचे फटके एकमेकांनी लिहायचे. मेजर भला माणूस होता, पण पहिल्या तीन खड्ड्यांवर त्याचेच चेंडू झुडपात आणि वाळूत गेले, त्यामुळे चंपालालकडे पाहायला त्याला सवड नव्हती. चंपालाल छान खेळत होता. चौथ्या हिरवळीवर मात्र मेजर आधी पोचून उभा होता. चंपालालने सवयीने ठाकऱ्याच्या खांद्यावरचं गोणपाट ओढलं आणि वाकला.

मेजरने हात वर करून त्याला थांबवलं. हिरवळीवर चेंडूची वाट अशी पुसायची नसते, त्याने हिंदीत समजावलं, दोन फटक्यांचा दंड बसतो. बरं झालं, अजून पुसली नाहीस.

चंपालालने मागे वळून पाहिलं. तीन हिरवळी त्याने पुसून काढल्या होत्या. पहिलीवर तर दवात गोणपाटाचा पट्टा अजून दिसत असेल.

ठाकऱ्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "त्याले काय माहीत शे?"

चंपालालच्या डोळ्यांपुढे तुरीचं खळं आलं. त्यावर आपल्या काठ्या आपटताहेत, हेही त्याला दिसलं. मग त्याने गोणपाटाची घडी घालून ठाकऱ्याला परत दिली आणि मेजरला सांगितलं, "साहेब, सहा फटके जास्त लिहा. मी तीन वेळा पुसलं."

"मी तर पाहिलं नाही," मेजर म्हणाला.

"मी पाहिलं."

मेजरने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पेन्सिल काढली.

"बठ्ठं गयं, शेठ," सगळंच हातचं गेल्यासारखा ठाकऱ्या पुटपुटला. पुढचे चार खड्डे तो पोतं घेऊन दहा पावलं मागूनच चालला.

पण चंपालालला आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यामुळे की काय, त्याचा हात मोकळा झाला. ऊन वर आलं. दव गेलं. हिरवळींच्या मधली जमीन कोरडी, टणक होती. इतरांचे उंच उडालेले चेंडू आपटून कुठेही उसळत होते. चंपालालला उंच मारायची सवयच नव्हती. धुळ्याच्या माळावर चेंडू बुटका मारून घरंगळत न्यावा लागतो, तसाच तो नेत होता. नवव्या खड्ड्यापाशी ठाकऱ्या पुन्हा बरोबरीने चालायला लागला. चौदाव्यापाशी मेजर स्वतःचा खेळ विसरून याचाच पाहू लागला.

अठराव्या खड्ड्याजवळ फळा होता. बाकीचे सगळे खेळून झाले होते आणि सर्वांत कमी आकडा होता चौऱ्याऐंशी. मेजरने कागदावर बेरीज केली. दंडाचे सहा धरून जिंकायचं तर चंपालालला हा खड्डा चार फटक्यांत हवा होता. पहिला सरळ गेला. दुसरा थोडा आखूड पडला. तिसरा टणक जागी आपटला आणि हिरवळ ओलांडून मागे गेला, जिथं पाण्याचा पाइप पोचत नव्हता. काळी, भेगाळलेली, उघडी जमीन. खड्डा वीस पावलं लांब.

बघे हळहळले. ठाकऱ्या मात्र उकिडवा बसला, मातीवरून तळहात फिरवला आणि हसला.

"हाई तं आपलीच जमीन शे, शेठ."

चंपालालचा हात सवयीने गोणपाटाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. त्याने पोत्यातून गजाचा पटर काढला. तिथून तो कोणी वापरत नाही, मागे कोणीतरी हसलंसुद्धा. धामणीची दांडी हातात किंचित वाकली. चेंडू भेगांवरून टुणटुणत गेला, हिरवळीच्या कडेला संथ झाला, गवतावर सरळ झाला आणि खड्ड्यात पडला. लाकडी भांड्यात सुपारी टाकावी तसा आवाज आला.

सगळ्यांत आधी मेजरने टोपी काढली. बक्षीस देताना सैन्यातल्या एका वृद्ध अधिकाऱ्याने सहा फटक्यांची हकीकत सगळ्यांना सांगितली आणि त्या पटरवर बोट ठेवून विचारलं, हा कुठल्या कंपनीचा? चंपालाल म्हणाला, "घरचा आहे." डॉक्टरांनी मेजरकडून चिठ्ठी लिहवून घेतली. तीत सहा फटक्यांची हकीकत होती आणि पुढच्या वर्षी खुल्या गटात या खेळाडूला जरूर पाठवावं, असं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंपालालने दुकानात चषक आणि चिठ्ठी वडिलांपुढे ठेवली. ठाकऱ्या पायरीवर बसला. शेठनी चिठ्ठी वाचली. चषकाकडे एकदाच पाहिलं. मग हात पुढे करून पटर मागितला.

त्यांनी तो उलटा केला. अंगठा लोखंडावरून फिरत फिरत एका जागी थांबला. लोहाराच्या घणाखालीही मापाच्या सरकारी छापाचा अर्धा गोल तिथं शिल्लक राहिला होता.

"हा तर तुझ्या आजोबांचा गज."

चंपालालने मान खाली घातली. 

"सहा फटके तूच सांगितलेस?" शेठनी विचारलं. "कोणी पाहिलं नसताना?"

"हो, बाबूजी."

शेठ उठले. भिंतीला जिथं नवे मीटर टांगलेले होते, तिथं एक खिळा रिकामा होता. पूर्वी गज तिथंच असायचा. त्यांनी पटर त्याला अडकवून पाहिला, नीट राहतो की नाही ते बघितलं आणि पुन्हा गादीवर बसले.

"सकाळी खेळायला जाताना घेऊन जात जा," ते म्हणाले. "आणि त्या ठाकऱ्याला आत बोलाव. पायरीवर काय बसलाय? त्याला चहा सांग."