घालताना वाढली तर आमची

वडूजच्या बाजारपेठेत मणेरांचं बांगड्यांचं दुकान कुठं, असं विचारलंत तर लोक म्हणतील, "वकीलभाबीचं व्हय? ते काय, पुढं." ही वकीलभाबी म्हणजे माझी सासू, अख्तरबी; मी त्यांना अम्मी म्हणते. खरं तर हे नाव पडलं तेव्हा त्यांची वकिलीची परीक्षा व्हायचीच होती, पण आमच्या गावाला दम कुठला!

लग्न झालं तेव्हा मी साताऱ्याला वकिली शिकत होते. रोज एसटीनं जायचं नि यायचं. "एकटी पोर कशी जाईल?" म्हणून अम्मी सोबत यायला लागल्या. कॉलेजच्या कट्ट्यावर बसून त्यांना कंटाळा आला. मुक्त विद्यापीठाची पदवी गाठीशी होतीच, पुढच्या वर्षी सरळ प्रवेशच घेतला. मग कॉलेजात मी त्यांची सीनियर आणि घरात त्या माझ्या. दोन्ही ठिकाणी बोलणी मात्र मीच खायची.

आधी मला, मग त्यांना पदवी मिळाली. पण कायमची वकिली करायची तर बार कौन्सिलची परीक्षा पास व्हावी लागते. मी पहिल्या फटक्यात सुटले. अम्मी थोडक्यात राहिल्या, एकदा नव्हे, दोनदा. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उतावळेपणानं दुकानावर दोघींच्या नावाची वकिलीची पाटी आधीच रंगवून घेतली होती. त्यातल्या अम्मींच्या नावावर बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवावा लागला. येणारी-जाणारी बाई आधी तो पुठ्ठा बघायची आणि मग बांगड्या.

"औंदा न्हाई झालं, तर पुठ्ठ्याखालचं नाव पुसून टाका," अम्मींनी अब्बांना सांगितलं. त्या हसत म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

त्यांचं घोडं अडायचं अपकृत्याच्या कायद्यात. दोघांत करार वगैरे काही नसतानाही एकाच्या चुकीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, तर भरपाई कुणी द्यायची, याचा हा कायदा. त्याच्या पायऱ्या सोप्या आहेत: काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं का, त्यात कसूर झाली का, त्या कसुरीमुळंच नुकसान झालं का. अम्मींना हे पाठ होतं. तरी उत्तर चुकायचं!

मी विचारायचे, "महाबळेश्वरच्या टॅक्सीत पाहुणा दार उघडून लोंबकळतोय. ड्रायव्हरनं बजावलं, गाडी हळू केली. तरी पाहुणा पडला. चूक कुणाची?"

"ड्रायव्हरची."

"आवं अम्मी! कशी?"

"गाडी त्याच्या हातात हुती न्हवं?"

मॅच बघायला बसलेल्याच्या कपाळावर षटकार आदळला, तर भरपाई देणार बॅटवाला. कारण बॅट त्याच्या हातात. मी पुस्तक आपटायचे, त्या चहा टाकायला उठायच्या. मुळापासून विचार केला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा सगळा आमच्या धंद्याचा प्रताप आहे. बांगडी भरताना वाढली तर ती दुकानदाराची, हातात नीट बसल्यावर वाढली तर गिऱ्हाइकाची, हा आमचा रिवाज. 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, आणि निमूट दुसरी काढायची. आयुष्यभर तेच केलेली बाई टॅक्सीवाल्याला सोडतेय होय!

परीक्षा तोंडावर आली आणि म्हसवडच्या बयाबाई दुकानात आल्या. सिद्धनाथाच्या यात्रेसाठी त्यांना हिरवा चुडा भरायचा होता. मेंढरामागं हिंडून, दावी ओढून हात चांगला राठ झालेला. अम्मींनी मनगट दाबून बघितलं नि अडीचच्या मापाचा जोड काढला.

"मला सव्वादोनच बसत्यात," बयाबाई म्हणाल्या. "लग्नात सव्वादोनच भरल्या हुत्या."

"बयाबाई, लग्नाला नातवंडं झाली. लागंल हाताला."

"लागू दे. माझा हात, मी बघीन."

अम्मींनी परत बजावलं. हाताला साबण लावला, बोटं चेपली, सावकाश बांगडी सरकवली. ती अंगठ्याच्या हाडावर अडली आणि कडकन गेली. हातावर बारीक रेघ उमटली. अम्मींनी हळद दाबली, फुंकर घातली आणि अडीचचा जोड भरून वर एक बांगडी जास्त दिली. बयाबाई रिवाजाप्रमाणं पाया पडून खुशीत गेल्या.

मी भडकले. "बघा! हेच पेपरात आलं तर काय लिहाल? दुकानदाराची चूक?"

"येडी हायेस काय?" अम्मी काचा गोळा करत म्हणाल्या. "बयाबाईनं समजून-उमजून धोका पत्करला. मी बजावलं, साबण लावला. माझी कसूर न्हाई. भरपाई काय बी न्हाई."

"मग फुकट बांगडी कशाला दिली?"

"ती भरपाई कुठं हाय? तिचा हात माझ्या हातात हुता म्हणून दिली."

आणि त्या तशाच थांबल्या, हातात काच. "म्हंजे अर्फा, टॅक्सीवाल्यानं त्या पाहुण्याला दवाखान्यात न्यावं, पण कोर्टानं त्याला दोषी धरू नये. असंच न्हवं?"

"हेच तर घसा फोडून सांगतेय मी!"

"मग सरळ सांगायचं की गं. उगा बॅटवाला, टॅक्सीवाला!"

मी कपाळाला हात लावला. पण त्या दिवसानंतर त्यांचं एकही उत्तर चुकलं नाही. कायदा एका हातात नि रिवाज दुसऱ्या हातात, दोन्हीची गल्लत संपली.

निकाल आला आणि अब्बा शिडी न आणता स्टुलावरच चढले. पुठ्ठा फाडताना पडता पडता वाचले. खाली अम्मी ओरडत होत्या, "पडला तर सोताच्या जबाबदारीवर पडा, मी भरपाई देनार न्हाई!" डोळे मात्र पदरानं पुसत होत्या. मलाही रडू आलं, लपवायचं काय त्यात?

अम्मी वकील म्हणून पहिल्यांदा कोर्टात जायच्या सकाळी मी त्यांना समोर बसवलं. जगाला चुडे भरणाऱ्या या बाईच्या हातात कायम दुकानातल्या उरल्यासुरल्या, रंग न जुळणाऱ्या बांगड्या. मी कधी कुणाला बांगड्या भरल्या नव्हत्या. साबण लावला, बोटं चेपली, सरकवली, आणि पहिलीच कडकन वाढली.

"हात मीच ताठ धरला," अम्मी घाईघाईनं म्हणाल्या. "निम्मी चूक माझी बी हाय. लिव्ह तसं."

"गप बसा अम्मी," मी म्हणाले, "हात माझ्या हातात होता."

आणि दुसरी काढली, जरा मोठ्या मापाची.