शर्यतीतली बुडणारी बाई

दौंडला गाडीतून उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. अमरावतीपासून रात्रभराचा प्रवास झाला होता. मी बारामतीला जीवरक्षक स्पर्धांच्या शिबिराला निघाले होते, आणि मला भीती वाटत होती.

घरी सगळ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे समुद्रावर शिट्टी घेऊन बसतात ते?" तसं नाही. हा खेळ आहे. बुडणाऱ्याला वाचवण्याची शर्यत. कधी तळाशी टाकलेला प्लास्टिकचा पुतळा वर काढून, त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवत न्यायचा. तर कधी खऱ्या माणसाला लाल फोमच्या लांब नळीत अडकवून काठापर्यंत ओढायचं. मी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, चाळिशी ओलांडलेली. काही वर्षं रोज तरणतलावात जाते. यात प्रौढांचाही गट असतो हे कळलं आणि डोक्यातून ते जाईना. आमच्याकडे शिकवणारं कोणी मिळालं नाही. बारामतीच्या एका प्रशिक्षक बाई फोनवर म्हणाल्या, "या. बघू."

बारामतीची एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत चालली होती. शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं, "कुणाकडं चाललाय?"

"अमरावतीहून आलेय, पोहायला शिकायला," मी म्हटलं.

"अमरावतीवरनं? तिकडं पानी न्हाय व्हय?"

मी हसले, पण प्रश्न मनात राहिला. खरंच, कशाला चालले होते मी?

फोनवरच्या त्या प्रशिक्षक, नंदामॅडम, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता आणि शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्याची निवड होती. पहिल्याच सकाळी त्यांनी जोड्या लावल्या. माझी जोडीदार मनीषा, जवळच्या सांगवीची. घरची शेती, टोमॅटो आणि काकडीचे मळे. पोहायला विहिरीत शिकलेली. रोज स्कूटीवरून यायची. दंड असे की मला पुतळ्यासारखं उचलेल असं वाटलं.

"मनीषा वाचवणार, तुम्ही बुडणार," नंदामॅडम मला म्हणाल्या. "बुडणारीनं पाय मारले तर चालतं. हात हलले की जोडी बाद."

मला हायसं वाटलं. नुसतं पडून तर राहायचं! पण मनीषा ओढायला लागली, कानात पाणी गेलं, काठ दिसेनासा झाला, आणि माझे हात आपले आपण पाणी कापू लागले. शिट्टी वाजली. "बाद!"

पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

"ताई, माज्यावर इस्वास न्हाय का तुमचा?" मनीषानं विचारलं.

"तसं नाही गं. हात आपोआप हलतात."

"आपोआप कसं? हात तुमचंच हायती न्हवं?"

तिसऱ्या दिवशी ती नंदामॅडमना सांगताना मी ऐकलं, "मला दुसरी जोडीदार द्या. काकडी तोडायचं काम सासूबाईंवर टाकून आलीय मी. पहिल्यांदाच सोडलंय घरच्यांनी. निवड न्हाय झाली तर पुन्हा कोन सोडंल?" पण दुसरी कोणी मोकळी नव्हती. त्या संध्याकाळी मी पिठलं-भाकरी पुढ्यात घेऊन बसून राहिले. मला एकटीला हरायची भीती कधीच नव्हती. दुसरीला घेऊन हरण्याची फार होती.

चौथ्या दिवशी उघड्या पाण्याचा सराव म्हणून इंदापूरच्या पुढे, उजनीच्या फुगवट्यावर (धरणामागे पसरलेलं पाणी) गेलो. इतकं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा. पाणी हिरवट, त्याला शेवाळाचा वास. एका बाजूला बुडालेल्या बाभळींचे वाळके शेंडे वर आलेले. उथळ पाण्यात गुलाबी-पांढरे रोहित पक्षी चरत होते. एरवी मी त्यांच्याकडेच पाहत बसले असते.

होडी देणारे तात्या म्हणाले, "त्या बाभळींकडं जाऊ नका. तितं जाळी लावल्याती."

नंदामॅडमनी तरंगतं पिंप बाभळींपासून लांब, दगडाला बांधून सोडलं. तिथं मी बुडणारी म्हणून थांबायचं आणि मनीषानं काठावरून यायचं.

पिंप धरून मी उताणी तरंगत राहिले. वारा सुटला होता. लाटा तोंडावर येत होत्या म्हणून मी आकाशाकडेच बघत होते. दगडासकट पिंप बाभळींकडे सरकतंय हे कळलंच नाही. पायाला काहीतरी लागलं. शेवाळ असेल म्हणून पाय झटकला, तर ते घोट्याला आवळलं. दुसरा पाय मारला, तोही अडकला. मी खाली ओढली गेले, पिंप सुटलं, नाकातोंडात पाणी शिरलं.

वर आले तेव्हा मनीषा समोर होती. माझ्याकडे बघताच तिला समजलं.

"पाय थांबवा, ताई! मारू नका!" तिनं लाल नळी माझ्या काखेखालून घातली आणि आकडा लावला. "हात नळीवर टाका आन् तसंच ऱ्हावा. मी खाली जाते."

"नको, तूही अडकशील."

"मला धरू नका फक्त."

ती बुडी मारून गेली. गढूळ पाण्यात ती मला दिसत नव्हती. घोट्याशी तिची बोटं चाचपडताना जाणवत होती. माझा अख्खा जीव हातांत आला होता. खाली वाकून तिचे केस, खांदा, जे मिळेल ते पकडावं असं होत होतं. पकडलं असतं तर दोघीही गेलो असतो. मी तळवे नळीवर पालथे टाकले आणि तिथंच ठेवले. ती वर आली, धापा टाकत श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. एक पाय सुटला. तोवर तात्यांची होडी आली आणि त्यांनी सुरीनं जाळं कापलं.

काठावर आल्यावर मनीषा मटकन खाली बसली.

"मला वाटलं, तुमी मला धरनार," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"मलाही तेच वाटलं होतं," मी म्हटलं. मग मीही रडले.

नंदामॅडम म्हणाल्या, "दगड हलका पडला. चूक माझी. उद्या पाण्यात उतरायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

तात्यांच्या घरी चिलापी (उजनीतला मासा) तळलेली होती. मी नुसतीच ताटात चिवडत बसले. मनीषानं निवडून काटे काढलेला तुकडा माझ्या ताटात ठेवला, तेव्हा जेवले.

निवडीच्या सकाळी तलावाच्या निळ्या पाण्याकडे बघूनही माझे पाय गार पडले. तरी उतरले. मनीषानं नळी अडकवली, ओढायला लागली. कानात पाणी गेलं, काठ दिसेनासा झाला. घोट्यांवरचे वळ चुरचुरत होते. हात जिथं ठेवले तिथं राहिले. शिट्टी वाजली नाही.

आम्ही तिसऱ्या आलो. दोनच जोड्या घेणार होते. पुतळ्याच्या शर्यतीत मात्र मनीषा पहिली आली आणि संघात गेली. तिनं तिथूनच सासूबाईंना फोन लावला. पलीकडून काय आलं कोण जाणे, ती एवढंच म्हणाली, "व्हय, व्हय, आता येतेच काकडी तोडायला."

मला स्टँडवर सोडताना तिनं विचारलं, "पुन्हा याल का?"

"भीती गेली नाही अजून."

"माजी बी न्हाय," ती म्हणाली.

अमरावतीला परतल्यावर मुलीनं विचारलं, "काय शिकलीस?"

"बुडायला," मी म्हटलं. ती हसली. मी गंमत करत नव्हते. स्वतःला दुसरीच्या हाती सोपवणं मला कधी जमलं नव्हतं, पाण्यात नाही आणि घरातही नाही.

आता मला ओढणारी व्हायचंय. त्यासाठी आमच्या तलावावर एखादी बाई शोधतेय, जी माझ्या भरवशावर हात सोडून पाण्यात पडेल. दोघींना विचारलं, अजून कोणी तयार नाही. आणि उद्या एखादी खरंच तयार झाली तर, या विचारानं माझी झोप आत्तापासूनच उडाली आहे.