कुबराखालाचा खोकला

कुबराखाला आली नाही तर हळद लावायची कशाला, असं पनवेलच्या मोहल्ल्यातल्या बायका खरंच म्हणायच्या. कुबरा मुकादमला लग्नाची जुनी गाणी तोंडपाठ होती, आईकडून आणि आजीकडून कानावाटे आलेली. ढोलकीवर थाप पडली की ती पदर खोचून उभी राहायची आणि तिचा खडा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

एका जागी बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. नवरा मुबारक कळंबोलीला ट्रकवाल्यांना ताडपत्र्या आणि दोरखंड विकायचा. तो दुकानातून परते तोवर तिने पुसलेलं घर पुन्हा पुसलेलं असायचं. पन्नाशी उलटली, कमरेचा घेर वाढला, तरी ही तशीच. म्हणूनच डॉक्टर भाविकाने पहिल्यांदा तपासलं तेव्हा कुबराचा विश्वास बसेना.

"प्रेशर जास्त आहे, शुगर काठावर आहे, रक्तात चरबी वाढलीय आणि पोटाचा घेर तर दिसतोच आहे," डॉक्टर म्हणाली. "हे सगळं एकत्र आलं की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. प्रेशरची गोळी रोज घ्यायची. मीठ कमी, चालणं जास्त."

"मी दिवसभर चालतेच की!"

"घरातल्या घरात नाही, कुबराबी."

गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव, जणू आत एखादा धागा अडकलाय. हळदीचं दूध झालं, मध-आलं झालं, वाफ झाली. एक्स-रे स्वच्छ निघाला. मिलादच्या, म्हणजे पैगंबरांच्या गुणगानाच्या, बैठकीत शेजारची बाई हळूच लांब सरकून बसली, ते कुबराला फार लागलं. भाची आफरीनचं लग्न तोंडावर आलं होतं. मरताना बहिणीने मागितलेलं एकच: "माझ्या पोरीच्या हळदीला तू गा." आणि इथे एक ओळ धड पुरी होत नव्हती. कुबरा गच्चीवर जाऊन गाऊन बघायची, खोकायची, खाली यायची, पुन्हा वर जायची.

मग ती उरणला नणंदेकडे गेली आणि गोळ्या घरीच राहिल्या. तिथे खोकला उतरला. परत येऊन गोळी घेतली, खोकला पुन्हा हजर! तिने मनाशी ठरवून टाकलं. मुबारकसमोर गोळी तोंडात टाकायची आणि तो वळला की बेसिनमध्ये थुंकायची.

खोकला गेला. गळा मोकळा झाला. पण जिवाला स्वस्थता नव्हती. मुबारकने "गोळी घेतलीस?" विचारलं की ती उगाच भांडी वाजवायची. सकाळी उठताना मान जड वाटायची. लग्नघरची दगदग आहे, दुसरं काय, असं ती स्वतःला समजवायची.

हळदीच्या संध्याकाळी आफरीन पिवळ्या ओढणीत बसली आणि कुबराने सूर लावला. पहिलं कडवं असं निघालं की म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या कडव्यात दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. डोक्यात मागून घण बसल्यासारखं झालं. शब्द ओठांपर्यंत येईना. ढोलकी वाजतच होती. आफरीन ओरडली, "खाला!" आणि तिच्या हळदीच्या हातांत कुबरा कोसळली.

शुद्ध होती, पण प्रेशर भलतंच चढलं होतं. इस्पितळात इंजेक्शन देऊन ते हळूहळू उतरवलं गेलं. मेंदूला इजा झाली नव्हती. डॉक्टर भाविकाने खुर्ची ओढली.

"गोळी कधी बंद केलीत?"

"नाही हो, रोज घेते," मुबारक म्हणाला. "माझ्या डोळ्यांसमोर."

कुबराने भिंतीकडे तोंड फिरवलं. "थुंकत होते मी. खोकत खोकत गाणार होते का तिच्या हळदीला?"

मुबारक खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याने रागावावं असं तिला फार वाटलं.

"खोकला गोळीनेच येत होता," डॉक्टर म्हणाली. "मला विचारायला हवं होतं, तुम्ही सांगायला हवं होतं. रक्तवाहिन्या आवळणारे आणि सैल करणारे पेप्टाइड म्हणून बारीक पदार्थ शरीर स्वतःच बनवतं. अँजिओटेन्सिन आवळतं, ब्रॅडिकायनिन सैल करतं. तुमची गोळी आवळणाऱ्याला अडवते, पण तिच्यामुळे ब्रॅडिकायनिन मोडायचंही थांबतं. ते साचलं की काहींच्या घशात खवखव होते. दुसरी गोळी आहे, तिने सहसा असं होत नाही."

"आणि माझ्या पोटाचं काय त्यात?"

"पोटातली चरबी नुसती बसून नसते. ती आवळणाऱ्या पदार्थांत भर घालते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की एंडोथेलिन नावाचं आणखी एक आवळणारं वाढतं. उलट मीठपाणी बाहेर काढून वाहिन्या सैल करणारं हृदयाचं पेप्टाइड जाड माणसात कमी पडतं. म्हणून शुगर, चरबी आणि प्रेशर एकमेकांना धरून चढतात."

कुबराने चादरीची कड चिमटीत धरली. "म्हणजे माझ्या आत हे सारखं चालू असतं? मला न विचारता?"

"सारखं."

निकाहला इस्पितळाने तिला सोडलं नाही. मुबारकने फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडे बायका कडवी उलटसुलट गात होत्या, आणि ही पलंगावर तळमळत इकडून दुरुस्त करत होती, "अगं, आधी मेंदीचं!" नर्स दोनदा दटावून गेली. बहिणीला दिलेला शब्द एका कडव्यावर राहिला, ही सल काही गेली नाही.

नव्या गोळीने खोकला आला नाही. ती आता पहाटे वडाळे तलावाला फेऱ्या मारते, मुबारकला ओढत. खारट सुकट महिन्यातून एकदाच. शुगर थोडी खाली आलीय, कंबर हट्टाने तिथेच आहे. गोळी घेतली की ती तोंड उघडून दाखवते आणि तो न बघितल्यासारखं करतो.

परवा ओवे गावातल्या एका लग्नात ती पुन्हा गायली, पण एकटी नाही. आफरीनला तिने शेजारी उभं केलं होतं. मध्येच थांबून मनगटावर बोटं ठेवली, नाडी चाचपली आणि पोरीला डोळ्यांनी खुणावलं, "तू घे पुढचं." आफरीनने घेतलं. कुबरा बसली मात्र नाही.