घरी आणलेले मीटर

लग्न होऊन मी बदलापुरात आले तेव्हा आमचे हे अंबरनाथच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करायचे. शिवाय घरीही काम असायचं. फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात सिंधी लोक राहायला आले होते. त्यांतला एक व्यापारी लष्कराच्या भंगारातून जुने विलायती ॲमीटर, व्होल्टमीटर पोत्यांनी उचलायचा. आमचे हे ते मीटर पिशवीतून घरी आणायचे आणि दुरुस्त करून परत न्यायचे.

मीटर आतून घड्याळासारखा नाजूक. केसाएवढ्या तारेची कॉइल, तिला वर-खाली तितक्याच बारीक स्प्रिंगा, आणि खड्याच्या खळग्यात फिरणारी सुईसारखी टोकं. टोक बोथट झालं की काटा अडतो. लोहचुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण शिरला तरी अडतो. हे सगळं मी नुसतं बघून शिकले. एकच खोली होती, बघायला दुसरं काही नव्हतं.

ह्यांना दारूचं व्यसन होतं. पुढे पुढे हात थरथरायला लागले. चिमट्यात धरलेली स्प्रिंग वेडीवाकडी व्हायची आणि मग हाताला लागेल ती वस्तू माझ्या अंगावर यायची. एकदा लोहचुंबक कपाळावर बसलं. रक्त डोळ्यात उतरलं. ते पदराने पुसून मी म्हणाले, "अहो, द्या इकडे. मी बघते."

त्यांनी चिमटा माझ्या पायाशी फेकला. मी स्प्रिंग बसवली. काटा हलला, डुलला आणि शून्यावर येऊन थांबला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना हे पिशवी माझ्याजवळ ठेवून गेले.

तेव्हापासून काम माझं आणि नाव ह्यांचं. मार थांबला नाही. काम बिघडलं तर मार होताच, चांगलं झालं की जास्त मिळायचा.

त्यातच एक मेगर आला. तारेवरचं आवरण शाबूत आहे का ते तपासायची ती पेटी. बाजूचा दांडा फिरवला की आत शेकडो व्होल्टची वीज तयार होते. दोन आठवडे खपून मी तो चालू केला. हे पिऊन आले, पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "चालतो का बघू." मला वाटलं दांडा फिरवून बघतील. त्यांनी माझा हात पिरगाळून मला खाली पाडलं, मांडीवर गुडघा रोवला आणि दोन्ही मनगटांना तारा गुंडाळल्या.

दांडा फिरला तसं खांद्यापर्यंत आतून कुणी करवत ओढावी तसं झालं. दात दातांवर आपटले, जीभ चावली गेली. मी ओरडत होते, पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. हे माझ्याकडे बघतही नव्हते. काट्याकडे बघत होते.

"चालतोय," ते म्हणाले, आणि जेवायला वाढ म्हणाले.

मी वाढलं. ताट दोनदा हातातून निसटलं.

काही महिन्यांनी तो व्यापारी एका मीटरच्या घाईसाठी भर दुपारी घरीच आला. दार उघडं होतं. मी डोळ्याला भिंग लावून कॉइल जोडत बसले होते. तो उंबऱ्याबाहेर थांबून बघत राहिला. "ये सब आप करती हो, अदी?" त्याने विचारलं. अदी म्हणजे त्यांच्यात ताई. मी मान खाली घातली, पण चिमटा काही सोडता येईना, तार त्यात होती.

त्याच्या मनात वाईट नव्हतं. ह्यांची भेट झाली तेव्हा त्याने बाजारात चारचौघांत माझं कौतुक केलं.

त्या संध्याकाळी हे आले ते अगदी शुद्धीवर. मला त्याचीच भीती वाटली. मी शेगडीवर तारांना कथलाचा डाग द्यायचं लोखंड तापत ठेवलं होतं. ह्यांनी हत्यारांच्या पेटीतली पक्कड उचलली. "कुठल्या हाताचं कौतुक झालं?" म्हणाले. उजवा हात पाटावर दाबला आणि अंगठ्याजवळचं पहिलं बोट पकडीत धरलं.

"अहो, नको. पाया पडते."

पक्कड दाबली गेली. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. ते मधलं बोट शोधायला लागले तेव्हा माझा डावा हात शेगडीकडे गेला. लोखंडाची मूठ हाताला लागली आणि ते तापलेलं टोक मी त्यांच्या गालावर टेकवलं. नुसतं टेकवलं नाही, दाबून धरलं. "सोड मला," मी ओरडले. "सोड!" आयुष्यात पहिल्यांदा मी नवऱ्याला एकेरीत बोलले.

जळक्या मांसाचा वास खोलीभर पसरला. ते गुरासारखे हंबरत बाहेर पळाले आणि ओट्यावरची विळी घेऊन परत वळले. तोवर शेजारची शेतकरीण दारात आली होती. तिच्या हातात भात कापायचा विळा होता. "आत पाय टाकून दाखव," ती त्यांना म्हणाली. ते मला घाणेरड्या शिव्या देत निघून गेले.

जांभूळ गावच्या हाडवैद्याने बोट बांधलं, पण ते वाकडंच जुळलं. पट्टी सुटेपर्यंत शेजारणीकडे राहून मग मी कॅम्पात गेले आणि व्यापाऱ्याला काम मागितलं. त्याने काम दिलं आणि राहायला दुकानाच्या मागची खोली दिली. चिमटा मी मधल्या बोटाने धरायला शिकले.

हे एकदा तिथे आले. काउंटरवरचा ॲमीटर उचलून मला मारला. मी वाकले, तो व्यापाऱ्याच्या भुवईवर फुटला. मग बाजारातल्या लोकांनी ह्यांना रस्त्यात ओढलं. चपला, वजनमापं, मिळेल त्याने मारलं. ह्यांचे दात मातीत पडलेले मी पाहिले. शेवटी रक्ताने डोळा मिटलेला तो व्यापारीच मध्ये पडला. "बस करो, मर जाएगा." मला दया आली नाही आणि आनंदही झाला नाही. दुकानात जाऊन मी फुटलेल्या ॲमीटरच्या काचा झाडून काढल्या.

ते पुन्हा आले नाहीत. पुढे कळलं की त्यांनी घरी दुसरी बाई आणून ठेवली आहे. हे कामावर असताना मी बदलापूरला गेले. पोरगीच होती ती, माझ्यापेक्षा लहान. मी म्हणाले, "हात उगारला तर कॅम्पात ये. मीटरवालीचं दुकान विचार, कुणीही सांगेल." तिने माझ्या तोंडावर दार लावलं.

दिवाळी झाली, थंडी गेली. एका सकाळी मी दुकान झाडत होते तर ती पोरगी पायरीवर बसलेली. कानातलं ओढून काढल्याने पाळी फाटली होती, रक्त मानेवर वाळलं होतं.

"ते मागे येतील," ती म्हणाली.

"येऊ दे," मी म्हणाले, आणि तिला आत घेऊन पाणी तापत ठेवलं.