आठची घंटा

टीममध्ये सगळे तिला ताई म्हणत. वयाने मोठी म्हणून नव्हे, तर नको ती कामं शेवटी तिच्याच गळ्यात पडत म्हणून. आज गळ्यात पडलं होतं लिंटरचं प्लगइन. लिंटर म्हणजे कोड चालवण्याआधीच तो वाचून चुकांखाली लाल रेघ ओढणारं साधन. रिअ‍ॅक्टमध्ये, म्हणजे वेबपानं बनवायच्या तयार साच्यात, लिहिलेला कोड कसा तपासायचा, हे त्याला या प्लगइनने शिकवायचं होतं. "दहा मिनिटांचं काम आहे," साहेब म्हणाले होते. असं म्हणणाऱ्याने ते काम स्वतः कधी केलेलं नसतं.

त्यात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाबा एकटे राहत. डॉक्टरांनी त्यांच्या गोळीची वेळ आठवरून नऊ केली, म्हणजे पोटात चार घास गेल्यावर. तिनेच ती बाबांच्या टॅबवर बदलली होती, तिच्याच कंपनीच्या औषधांच्या अ‍ॅपमध्ये. ते अ‍ॅप ब्राउझरच्या पानात उघडायचं आणि गोळीची वेळ झाली की घंटा वाजवायचं. तरी बाबा रोज आठलाच उपाशीपोटी गोळी घेऊन मोकळे. विचारलं की एकच उत्तर, "घंटा वाजली म्हणून घेतली." स्क्रीनवर तर ढळढळीत नऊ. शेवटी दादाने निकाल लावला, "बाबांना आता काही आठवत नाही. रविवारी घराला कुलूप लावून त्यांना माझ्याकडे नेतो." तिनेही मान डोलावली होती.

प्लगइन बसवायला घेतलं तर लिंटर नवा आणि प्लगइन जुनं. दोघं एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. नवं प्लगइन आणलं. मग कळलं की सेटिंगची जुनी फाइल वाचायचंच लिंटरने सोडून दिलंय. ती नव्या पद्धतीने लिहिली आणि चालवली. एकही चूक नाही.

"बघ, आपला कोड एक नंबर आहे," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला.

ती आणखीच वैतागली. या मंडळींचा कोड आणि निर्दोष? तिने मुद्दाम शेंबडं पोरही पकडेल अशी चूक लिहून पाहिली. लिंटर ढिम्म. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. प्लगइनला बोलावलं होतं खरं, पण त्याचा एकही नियम चालू केलेला नव्हता. परीक्षक आणून बसवला आणि त्याच्या हातात पेपरच दिला नाही, अशातली गत.

नियम चालू केले तशी स्क्रीन लालेलाल झाली.

"टाक की सगळे बंद करून. इतकी वर्षं चाललंच ना?"

"तू जरा गप्प बस."

पण तिचाही हात सगळे नियम बंद करायलाच निघाला होता. जाता जाता खालच्या ओळीवर नजर गेली. फाइल त्याच औषधांच्या अ‍ॅपमधल्या घंटेची होती. लिंटरचं म्हणणं असं, की घंटा लावणारा कोड वेळ वापरतो, पण वेळ बदलल्यावर त्याने पुन्हा चालावं, हे कुठेच सांगितलेलं नाही.

तिने ते परत वाचलं. म्हणजे स्क्रीनवर वेळ नवी दिसणार आणि घंटा मात्र जुन्याच वेळेला वाजणार, पान बंद करून पुन्हा उघडेपर्यंत. ऑफिसात हे कुणाच्या लक्षात येणार? इथे तर जो तो ऊठसूट पान रिफ्रेश करत असतो. बाबा मात्र ते कधीच बंद करत नसत, कारण बंद करू नका अशी तंबी तिनेच दिली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"बाबा, घंटा खरंच आठला वाजत होती. आमच्या अ‍ॅपमध्येच चूक होती."

"तेच तर सांगत होतो गं मी."

"हो. आता रविवारचं रद्द. तुम्ही बॅग भरू नका."

"भरून झालीय. दादाला तूच सांग, माझं नाही ऐकायचा तो. पण तुला कुणी सांगितलं हे?"

"ऑफिसात एक साधन बसवलंय आज. कोडमधल्या चुका दाखवतं, त्याने."

"बरं झालं," बाबा म्हणाले. "त्याचं तरी ऐकलंस."