निकिफरच्या वाट्याचा मूस

निकिफरच्या दारात उभी असलेली गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचीतरी असायची. कुस्कोक्विम नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात मोटारी नव्हत्या, कारण रस्तेच नव्हते. होत्या त्या चारचाक्या. मोटारसायकलसारखं हँडल, खाली चार फुगीर चाकं. नदीवरून पाणी आणायला, जळण ओढायला, चर्चला जायला आणि शरद ऋतूत शिकारीला जायला घरटी एक तरी चारचाकी लागायचीच. ती बिघडली की लोक ढकलत निकिफरकडे आणत आणि म्हणत, "बघ जरा हिच्याकडे." एवढंच. तोही पुढे काही विचारत नसे.

गावची रीतच तशी होती. तू काय केलंस, किती वेळ केलंस, कुणाला दिली होतीस, असं माणसाला तोंडावर विचारणं म्हणजे त्याच्या कानाखाली वाजवण्यासारखं. म्हणून निकिफर माणसाला सोडून गाडीलाच विचारी. तेलाचा वास घेई, नळ्या हाताने चाचपी, चाकांना चिकटलेला चिखल कोणत्या वाटेचा ते पाही. तासाभरात त्याला सगळं कळे. गाडी कोणी पळवली, कोणी बुडवली, कोणी तेल न घालता फिरवली. मग तो दुरुस्त करून म्हणे, "झाली." गावातल्या निम्म्या घरांची गुपितं त्याच्या पोटात होती आणि ती तिथंच राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

उमेदीची सगळी वर्षं त्याने गावच्या वीजघरात जनित्र सांभाळण्यात घालवली. मग खुब्याचं हाड झिजलं आणि नोकरी सुटली. सलग दोन शरद त्याला मूसच्या, म्हणजे घोड्याहून थोराड अशा तिकडच्या हरणाच्या, शिकारीला जाता आलं नाही. दोन्ही हिवाळे अगाफिया आणि तो इतरांनी दिलेल्या मांसावर राहिले. देणारे प्रेमाने देत. ज्याने आणलं त्याने वाटायचं, आधी म्हाताऱ्यांना, मग आजाऱ्यांना, मग नातलगांना. यात उपकार कुणी मानत नाही. पण निकिफर आता म्हाताऱ्यांत आणि आजाऱ्यांत, दोन्हींत धरला जाऊ लागला होता, आणि तो घास त्याच्या घशाखाली नीट उतरत नसे.

जुलैत त्याला विमानाने अँकरेजच्या मोठ्या इस्पितळात नेऊन खुब्याची शस्त्रक्रिया केली. शुद्धीवर आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "या वर्षी मूस मी आणणार. पराशा मावशीला जीभ आणि काळीज मी माझ्या हाताने देणार."

"आधी संडासापर्यंत चालून दाखव," अगाफिया म्हणाली.

पराशा मावशी त्याच्या आईची बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला आणि धाकट्या झौकरला वाढवलं. आता तिला दिसत नव्हतं, पण तिच्या ताटात काय पडलं आणि कुणी वाढलं हे ती कधी विसरत नसे.

निकिफर इस्पितळात असताना त्याची चारचाकी झौकरने नेली होती. भावाला नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. महिन्याने निकिफर काठी टेकत घरी आला तेव्हा गाडी दारात उभी होती, धुऊन पुसून लख्ख. अगाफियाने डोळे मोठे केले. "झौकरने गाडी धुतली! नदी उलटी वाहायला लागली की काय?"

निकिफर हसला. त्याला बरंही वाटलं.

सप्टेंबरात निघायच्या आदल्या दिवशी त्याने गाडी तपासली. तेल पाहिलं. रेडिएटरच्या जाळीत चिखल नव्हता. शेजारच्या प्लॅस्टिकच्या डबीत इंजिन गार ठेवणारं हिरवं कूलंट खुणेपर्यंत भरलेलं होतं. डबी भरलेली असली म्हणजे रेडिएटर भरलेला असतोच असं नाही, हे तो दुसऱ्यांना कितीदा सांगत आला होता. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याने वरचं झाकण उघडून आत बोट घातलं असतं. त्याचा हात झाकणापर्यंत गेलाही. तेवढ्यात झौकर पेट्रोलचा डबा घेऊन अंगणात आला.

"दादा, सगळं ठीक आहे ना?"

भावाने सांभाळलेली गाडी भावाच्या समोर उघडून बघायची, हे निकिफरच्याने होईना. त्याने हात मागे घेतला. "ठीक आहे," म्हणाला.

मूस दुसऱ्याच दिवशी मिळाला. टेकड्यांच्या पलीकडे, विलोच्या झुडपांत, एकाच गोळीत. निकिफरने टोपी काढून त्याचे आभार मानले, त्याच्या तोंडात थोडं पाणी सोडलं. मूस आपणहून समोर येतो आणि त्याचं मांस वाया घालवणाऱ्याकडे पुन्हा फिरकत नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. दुखरा पाय पसरून त्याने दुपारपर्यंत कापणी केली, आणि चार तंगड्या, फासळ्या, मान, डोकं, सगळं चारचाकीमागे जोडलेल्या ओढगाडीवर रचलं.

येताना मोकळी असलेली चारचाकी कुठे कुरकुरली नव्हती. आता ओझं घेऊन दलदलीतून निघाली आणि थोड्याच अंतरावर लाल दिवा लागला. त्याने इंजिन बंद केलं. पंखा फिरत नव्हता, म्हणून वायर सोलून तो थेट बॅटरीला जोडला. पंखा फिरू लागला. इंजिन निवल्यावर निघाला, तर पुन्हा लाल दिवा. या खेपेला रेडिएटरवर तळहात फिरवला. वरून चटका बसला आणि खालचा अर्धा भाग गार होता. पाणी आत फिरतच नव्हतं.

गाडी पुरती निवेपर्यंत तो थांबला. मग फडकं धरून झाकण उघडलं. आत कूलंटचा मागमूस नव्हता. तपकिरी पाणी होतं. ते त्याने चहाच्या मगात काढलं. तळाशी बोट फिरवलं तर मऊ, बारीक गाळ बोटाला लागला. नदीचा गाळ. आपल्या नदीचा गाळ कोण ओळखणार नाही? कुणीतरी जुलैत गाडी इतकी तापवली होती की आतलं सगळं उकळून गेलं. मग डबा भरून नदीचं पाणी ओतलं, आणि वरून दिसावी म्हणून डबी तेवढी हिरव्या कूलंटने भरून ठेवली. केसासारख्या बारीक नळ्यांत गाळ बसून आता दगड झाला होता.

त्याने डबक्यातलं स्वच्छ पाणी फडक्यातून गाळून ओतलं. थोडं चालला, थांबला. पुन्हा ओतलं, पुन्हा थांबला. चौथ्या खेपेला इंजिनातून खडखड ऐकू आली तसं त्याने हात टेकले. रिकामी गाडी हळूहळू घरापर्यंत गेली असती, हे त्याला कळत होतं. पण मांस अस्वलांच्या हवाली करून जायचं? तो तिथंच बसला आणि ज्यावर सगळ्या गावाशी बोलता येतं तो खिशातला रेडिओ तोंडाशी धरला.

बहुतेक माणसं नावा घेऊन नदीवर गेली होती. उत्तर दिलं ते झौकरने. त्याची गाडी नवी, मोठी, पण मागे जोडायची ओढगाडी लहान. संध्याकाळच्या आत तो आला.

"काय झालं, दादा?"

"तापली."

"म्हातारी झाली रे बिचारी. आपल्यासारखीच."

तपकिरी पाण्याचा मग झाकणाशेजारीच ठेवलेला होता. झौकरची नजर त्यावर पडली, क्षणभर अडकली, आणि मग तो टेकड्यांकडे बघू लागला. "हवा बघ किती गरम आहे," तो म्हणाला. "सप्टेंबर म्हणावं का याला? मांस आंबेल. अर्धं मी आत्ता नेतो, उरलेलं उद्या सकाळी."

निकिफर वाट पाहत राहिला. एक शब्द. चुकलं, एवढा एक शब्द झौकरने उच्चारला असता तर तो तिथल्या तिथं विसरला असता. झौकरने दोऱ्या आवळल्या आणि पुढच्या तंगड्या, फासळ्या, मान, डोकं, काळीज घेऊन निघून गेला.

पेट्रोल मिळायला उशीर झाला म्हणून झौकर सकाळच्याऐवजी दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आला. निकिफर रात्रभर अस्वलांसाठी आणि दिवसभर कावळ्यांसाठी जागा होता. मागच्या दोन्ही तंगड्या हाडाजवळ हिरव्या पडल्या होत्या, वास सुटला होता. दोघांनी मिळून त्या पुरल्या. पुरताना कुणी कुणाकडे बघितलं नाही.

निकिफर घरी आला तेव्हा त्याला कळलं, पहिल्या खेपेचं मांस आदल्याच संध्याकाळी वाटून झालं होतं.

"थांबलो असतो तर तेही गेलं असतं," झौकर म्हणाला. ते खरंही होतं. "तुझ्याच नावाने दिलं, दादा."

पण गावातल्या घराघरांत उघडे रेडिओ होते, आणि ज्याच्या हातून पातेल्यात मांस पडलं त्याचंच नाव त्यांवर येत होतं. मासे वाळवणारी ल्युबा म्हणाली, झौकर, देव तुझं भलं करो. पाद्रीबाबा म्हणाले, झौकर नसता तर अख्खा मूस वाया गेला असता. शेवटी पराशा मावशीचा कापरा आवाज आला. "झौकर, जीभ लोण्यासारखी होती रे बाळा."

अगाफियाने रेडिओचा आवाज कमी केला. "सांग ना त्यांना, पाणी कुणी घातलं ते."

"सख्ख्या भावाबद्दल? सगळं गाव ऐकत असताना?"

"मग कुढत बस."

एक वाट मात्र होती. सख्ख्या भावाला जे बोलता येत नाही ते मामेभावाला बोलता येतं. तिकडे मामेभाऊ-आतेभाऊ एकमेकांची चारचौघांत टर उडवतात; तो त्यांचा हक्कच आहे. माणसाने केलेली लबाडी, आळस, कंजूषपणा मामेभाऊ विनोदात घोळून सगळ्यांसमोर मांडतो, आणि ज्याच्यावर विनोद होतो त्याने रागवायचं नसतं, हसायचं असतं आणि पुढे सुधारायचं असतं. दोघा भावांचा मामेभाऊ मात्फी या कामात पटाईत होता. त्याने एकदा एखाद्याची फिरकी घेतली की ती वर्षभर गावात फिरे.

शनिवारी वाफेच्या न्हाणीत दोघेच होते. तापलेल्या दगडांवर पाणी टाकत निकिफर म्हणाला, "झाकण उघडलं तर आत अख्खी नदी होती, मात्फी."

"असं?"

"गाळासकट. जुलैत मी अँकरेजला होतो. गाडी झौकरकडे होती."

मात्फीने घाम निपटला आणि खदखदून हसला. "अरे, हे तर भारी आहे! बघतो, काहीतरी करतो याचं."

निकिफर घरी येऊन रेडिओजवळ बसला. अगाफिया म्हणाली, "आज काय विशेष?" तो म्हणाला, "काही नाही." सगळे न्हाऊन, चहा पिऊन रेडिओशी येण्याच्या वेळेला मात्फीचा आवाज आला.

"ऐका हो ऐका! आपल्या गावात एक नवीन खानावळ निघाली आहे. निकिफर मिस्त्रीची. शिकारीला जाताना तो चुलीऐवजी चारचाकी नेतो. पाणी ओतायचं, दोन पावलं जायचं, चहा तयार! गावातल्या सगळ्यांच्या गाड्या गार ठेवतो आणि आपली मात्र उकळवतो. आणि दोन अख्ख्या तंगड्या त्याने अस्वलाला शिजवून घातल्या म्हणे!"

एकामागून एक घरांतून हसण्याचे आवाज येऊ लागले. कुणीतरी विचारलं, "निकिफर, चहा साखरेचा मिळतो का?" त्यात झौकरही होता. तो सगळ्यांत शेवटी हसला, पण मोकळेपणाने हसला.

झौकरवर व्हायचा विनोद निकिफरवरच कसा उलटला, याचं उत्तर अगाफियाने भांडी धुता धुता दिलं. "मात्फीच्या बायकोने दुपारी सूप दिलं मला. मुसाची पुढची तंगडी होती. झौकरने अख्खी दिली त्यांना. दुसऱ्या कुणाला अख्खी मिळाली नाही."

"निकिफर!" मात्फी रेडिओवर ओरडला. "झोपलास की उकळतोयस?"

आता उत्तर द्यायलाच हवं होतं. मामेभावाच्या विनोदावर गप्प बसणारा माणूस रागावला असं मानतात, आणि त्याने मनाला लावून घेतलं म्हणजे त्याच्यावरचा दोष खरा, असं समजतात. निकिफरने बटण दाबलं आणि हसला. मोठ्याने हसला, सगळ्या गावाला ऐकू जाईल इतका. "या, या," तो म्हणाला. "साखर आपापली आणा."

पुन्हा हशा पिकला. त्याने बटण सोडलं तेव्हा अगाफिया त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

तासाभराने दार वाजलं. झौकरची बायको हातात झाकलेलं भांडं घेऊन उभी होती. मावशीने पाठवलंय, ती म्हणाली. स्वतःच्या वाटणीतून दोन फासळ्या काढल्यात. "म्हणाल्या, निकिफरला द्या. त्याला यंदाही काही मिळालं नाही."

अगाफियाने भांडं घेतलं, आभार मानले, दार लावलं. मग तिने दोन ताटल्या मांडल्या. मांस चांगलं शिजलं होतं, हाडापासून सुटत होतं. निकिफर खाली मान घालून जेवला आणि सगळं संपवलं, कारण अन्न वाया घालवायचं नसतं.