मंगळवारची लाईट

ठोकळे रचून जग बांधायच्या एका गेमसाठी मी मॉड बनवला होता, म्हणजे मूळ गेमला वरून जोडायचा माझा स्वतःचा भाग. त्यात जनरेटर होते, तारा होत्या, क्रेन होत्या. आणि दर सातव्या दिवशी लाईट जायची. रोडपालीत आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली दर मंगळवारी जायची, म्हणून गेममध्येही. लाईट न जाणारं गाव मला खरं वाटेना.

परदेशातले खेळणारे पिसाळले. म्हणे कारखाना मध्येच बंद पडतो, फुकट आहे म्हणून काहीही द्यायचं का? मी आधी समजावलं, मग भांडलो. अरे, हा बिघाड नाही, मंगळवार आहे! तुमच्याकडे लाईट जात नसेल, त्यात माझा काय दोष? आई म्हणायची, "ज्यांचं तोंड बघितलं नाहीस त्यांच्यावर कसला ओरडतोस?"

तेवढ्यात गेमची नवी आवृत्ती आली आणि माझा अर्धा मॉड चालेनासा झाला. तो पुन्हा लिहिता लिहिता वैतागून मी लाईट जाणं काढूनच टाकलं. सगळे खूश.

मग एक मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत मराठी. "दादा, मंगळवार का काढलास? मी त्याच्यासाठी बॅटऱ्यांची खोली बांधली होती. आमच्या उरणला पण मंगळवारीच जाते."

नव्या मॉडच्या माहितीत पहिली ओळ मीच लिहिली होती: लाईट जाण्याची चूक दुरुस्त केली आहे.